परदेशी निघालेलं मिशनरी कुटुंब आणि तंजावरचा अनुभव

तंजावर म्हटलं की मराठी माणसाला व्यंकोजीराजे आठवतात, सरस्वती महाल आठवतो, बृहदीश्वराच्या देवळात कोरलेला भोसले घराण्याचा लांबलचक इतिहास आठवतो. त्याच देवळाच्या शेजारी शिवगंगा बागेत १७७९ साली बांधलेलं एक छोटं चर्च आहे, तिकडे मात्र आपली पावलं फारशी वळत नाहीत. आत भिंतीवर एक संगमरवरी शिल्प आहे. म्हातारे पाद्री अंथरुणावर पडलेले आहेत आणि तरुण सरफोजीराजांनी त्यांचा हात हातात घेतलेला आहे. पाद्री म्हणजे ख्रिस्तिआन फ्रीडरिश श्वार्ट्झ. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी ते वारले आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. पुढे राजांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या नामवंत शिल्पकाराकडून हे स्मारक करवून घेतलं, श्वार्ट्झ यांच्यासाठी इंग्रजीत कविता स्वतः रचली. राजे ख्रिस्ती झाले नाहीत. मोठ्या लवाजम्यानिशी काशीयात्रा करून आले, देवळांना दानं देत राहिले. तरीही ज्याच्या हाताखाली आपण वाढलो त्या मिशनरी माणसाबद्दलची माया त्यांनी दगडात कोरून ठेवली.

एखादं ख्रिस्ती कुटुंब मिशनरी म्हणून परदेशी जायला निघतं तेव्हा त्यानं नेमकी कशाची तयारी करायची, या प्रश्नाचा विचार तंजावरपासून सुरू करावा असं मला वाटतं. या मुलखानं मिशनरी कुटुंबं तीनशे वर्षं आपल्या दारात उतरताना पाहिली, आणि याच मुलखातल्या मंडळ्यांनी पुढे स्वतः माणसं बाहेर धाडली. घेणं आणि देणं दोन्ही पाहिलेली जागा दुसरी शोधायला गेलं तर लवकर सापडणार नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: पाचारण, पैसा आणि व्हिसा यांची चर्चा आपल्याकडे भरपूर होते. तिथल्या माणसांकडून शिकायची तयारी, मुलांचं शिक्षण आणि परत येण्याची सोय या तीन गोष्टी शेवटच्या आठवड्यावर ढकलल्या जातात. आणि कुटुंबं मोडतात ती बहुधा याच तीन ठिकाणी.

सुरुवात तरंगमबाडीपासून. हे बंदर तंजावरच्या रघुनाथ नायकानं १६२० मध्ये डॅनिश लोकांना दिलं. आता ते मयिलाडुतुराई जिल्ह्यात येतं. ९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्यूटशाउ हे दोन जर्मन तरुण तिथे उतरले. डेन्मार्कच्या राजानं त्यांना पाठवलं होतं आणि तंजावरच्या गादीवर तेव्हा आपले शहाजीराजे होते. दोघांची भाषेची तयारी जवळजवळ शून्य होती. झीगेनबाल्ग गावच्या शाळेत लहान पोरांच्या रांगेत बसले आणि बोटानं वाळूत तमिळ अक्षरं गिरवू लागले. दीक्षा घेतलेला गोरा पाद्री पाच वर्षांच्या मुलांबरोबर मांडी घालून बसला, यापेक्षा मोठी मिशनरी तयारी मला माहीत नाही. काही वर्षांतच त्यांनी तमिळमध्ये नवा करार पूर्ण केला, तो १७१४-१५ मध्ये तरंगमबाडीच्या छापखान्यात छापला गेला. दरम्यान खुद्द डॅनिश किल्लेदारानं त्यांना चार महिने कोठडीत टाकलं. म्हणजे ज्या झेंड्याखाली आपण आलो तो झेंडा आपल्या बाजूनं उभा राहीलच याची खात्री तेव्हाही नव्हती.

झीगेनबाल्ग यांनी आणखी एक काम केलं. लोक ज्या देवांना भजतात त्यांची माहिती त्यांनी लोकांना विचारून विचारून, तमिळ ग्रंथ वाचून लिहिली आणि १७१३ मध्ये जर्मनीला पाठवली. तिकडे हाले इथल्या वरिष्ठांना ते रुचलं नाही. तुम्हाला तिकडचा धर्म बुडवायला पाठवलं, तो युरोपात पसरवायला नाही, अशा अर्थाचं उत्तर आलं आणि हस्तलिखित पडून राहिलं. ते छापलं गेलं १८६७ मध्ये, दीडशे वर्षांनी. पाठवणारे आणि गेलेले यांच्यातला हा ताण आजही तसाच आहे. गेलेला माणूस चार वर्षांत तिथल्या लोकांमध्ये मुरतो, त्यांच्या श्रद्धांकडे आदरानं पाहू लागतो. इकडे देणगी देणाऱ्यांना बाप्तिस्म्यांचे आकडे हवे असतात. निघण्याआधी या विषयावर मोकळं बोलणं झालं नसेल तर पहिल्या अहवालापासूनच खोटेपणाला सुरुवात होते.

श्वार्ट्झ त्या मानानं तयार होऊन आले. भारतातून परतलेल्या बेंजामिन शुल्ट्झ यांच्याकडे त्यांनी हाले इथेच तमिळ शिकून घेतलं. १७५० मध्ये उतरले आणि काही महिन्यांतच तमिळमध्ये उपदेश करू लागले. तिरुचिरापल्लीला गेले, हिंदुस्थानी आणि फारसी शिकले. १७७८ मध्ये तंजावरला स्थायिक झाले, दरबारात बोलता यावं म्हणून मराठी शिकले. तुळजाजीराजे त्यांना बोलावून घेत आणि दुभाष्याविना बोलणं होई. हैदर अलीच्या स्वारीच्या काळात तंजावरच्या किल्ल्यात उपासमार सुरू झाली. शेतकरी धान्य आणायला तयार नव्हते, कारण राजाचे कारभारी आणि ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी दोघांनीही त्यांना आधी बुडवलं होतं. श्वार्ट्झ यांनी पैसे देण्याची हमी स्वतः घेतली तेव्हा बैलांवर लादून धान्य आलं. पुढे कारभाऱ्याच्या जुलमाला कंटाळून मुलूख सोडून गेलेले सुमारे ७,००० शेतकरी त्यांच्या शब्दावर परत आले, असं त्यांचे चरित्रकार नोंदवतात. मिशनरी माणसाची पत म्हणजे काय, ते या दोन प्रसंगांत कळतं. ती वीस-तीस वर्षं एका जागी राहून मिळते. दोन वर्षांच्या करारावर गेलेल्याला ती मिळणं कठीण.

पण श्वार्ट्झ अविवाहित होते, आणि आपला प्रश्न कुटुंबाचा आहे. तंजावरनं तेही पाहिलं. योहान बाल्टासार कोलहोफ १७३७ मध्ये तरंगमबाडीला आले. त्यांचा मुलगा योहान कास्पार १७६२ मध्ये तिथेच जन्मला, श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढला, १७८७ मध्ये दीक्षा घेऊन तंजावरच्या कामाला लागला आणि १८४४ मध्ये तंजावरलाच वारला. नातू ख्रिस्तिआन सॅम्युएल १८८१ पर्यंत याच भागात काम करत होता. एका घराच्या तीन पिढ्या, जवळजवळ दीडशे वर्षं. कास्पारला परदेशी म्हणायचं तरी कसं? त्यानं जर्मनीपेक्षा कावेरीच अधिक पाहिली. कुटुंब बरोबर नेलं की पुढची पिढी त्या मातीची होते, हे निघणाऱ्या आईबापांनी मनाशी आधीच कबूल करायला हवं. मुलं 'आपल्यासारखी' राहणार नाहीत.

हे सुदैवी उदाहरण झालं. दुसऱ्या बाजूची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले. मुलांच्या तब्येतीपायी त्यांच्या पत्नी १८२५ मध्ये दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या, त्यातला एक मुलगा वाटेत जहाजावरच गेला. पुढच्या वर्षी हॉल नाशिककडून परतताना पटकीनं मेले. त्यांच्याच तुकडीतल्या हॅरिएट न्यूएल यांना तर भारतात राहायलाही मिळालं नाही. कंपनीनं परवानगी नाकारली, तान्हं बाळ जहाजावर गेलं आणि १८१२ च्या अखेरीस मॉरिशसला त्या स्वतः गेल्या. वय एकोणीस. त्या काळी अशा मरणांच्या गोष्टी पुस्तकांतून वाचून आणखी तरुण मुली निघत. मला त्या गोष्टींचा अभिमान वाटतो आणि रागही येतो. शौर्य त्यांचं होतं, पण तयारीची जबाबदारी पाठवणाऱ्यांची होती आणि ती पुरी झाली नव्हती.

मुलांचा प्रश्न पुढे शाळांनी थोडा सोडवला. मदुराईच्या अमेरिकन मिशननं १९०१ मध्ये कोडईकनालला मिशनरींच्या मुलांसाठी शाळा काढली. मुलं नऊ महिने डोंगरावर, आईबाप तळपत्या मैदानात. शिक्षण उत्तम झालं, पण घर तुटलं. परक्या देशात वाढणाऱ्या अशा मुलांचा अभ्यास रूथ हिल युसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात भारतातल्या अमेरिकन कुटुंबांमध्येच सुरू केला. आईबापांची संस्कृती एक, आजूबाजूची दुसरी आणि या दोन्हींतून मुलांची स्वतःची तिसरीच तयार होते, अशी मांडणी त्यांनी केली. आज तमिळ मिशनरी कुटुंबांपुढे तोच प्रश्न आहे. उत्तर भारतात काम करणाऱ्या मिशनरींच्या मुलांसाठी तिरुनेलवेलीजवळ डोनावूरला संतोष विद्यालय आहे. देशातल्या देशात ही सोय चालते. नैरोबीला किंवा काठमांडूला गेलेल्या घरातलं नववीतलं पोर कोणत्या बोर्डाची परीक्षा देणार, तमिळ वाचायला कधी शिकणार, परतल्यावर अभियांत्रिकीच्या प्रवेशाला कुठल्या कोट्यात बसणार, याची उत्तरं निघण्याआधी कागदावर लिहिलेली असावीत.

आता पाठवणीकडे. तंजावरहून बाहेर पडून ख्रिस्ती कामाला लागलेल्या पहिल्या माणसांत परंपरा एका मराठी बाईचं नाव घेते: क्लॅरिंडा. मूळची मराठी ब्राह्मण, कमी वयात विधवा झालेली, तंजावरहून एका इंग्रज अधिकाऱ्याबरोबर पालयमकोट्टईला गेलेली. १७७८ मध्ये श्वार्ट्झ यांनी तिला बाप्तिस्मा दिला. १७८० च्या नोंदवहीत तिथल्या मंडळीत चाळीस माणसं आहेत आणि तिचं नाव अग्रभागी आहे. १७८५ मध्ये तिनं बांधून घेतलेलं चर्च आजही 'पाप्पात्ती अम्मन कोविल' म्हणून, म्हणजे ब्राह्मणबाईचं देऊळ म्हणून ओळखलं जातं. तिनं माणूस मागितला आणि श्वार्ट्झ यांनी सत्यनाथन यांना तिकडे धाडलं. १७९० मध्ये तंजावरला त्यांची पाळक म्हणून दीक्षा झाली. आज ट्रेननं एका रात्रीचा हा प्रवास तेव्हा वेगळ्या राज्यात, अर्काटच्या नवाबाच्या मुलखात जाण्याचा होता. तंजावरच्या मंडळीनं स्वतःचा माणूस परमुलखात पाठवला, आणि तो गेला त्या भागातून पुढे दक्षिण भारतातली एक मोठी मंडळी उभी राहिली.

समुद्र ओलांडण्याची गोष्ट त्याहून जुनी आहे आणि ती आपल्या किनाऱ्याची आहे. वसईचे गोन्सालो गार्सिया जपानला गेले, पुढे फ्रान्सिस्कन झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मेले. गोव्याच्या बाणावलीशी नातं सांगणारे जुझे वाझ १६८७ मध्ये हमालाच्या वेशात सिलोनला उतरले, तिथे सिंहली आणि तमिळ शिकले, कँडीत वारले. २०१५ मध्ये कोलंबोला त्यांना संतपद मिळालं. दोघेही एकटे गेले, म्हणून कुटुंबाच्या प्रश्नात त्यांचा उपयोग मर्यादित. पण मिशनरी म्हणजे गोरा माणूस हा समज त्यांच्या नावांपुढे टिकत नाही.

भारतीय मंडळींनी स्वतःच्या पैशानं माणसं पाठवण्याची चळवळ मात्र विसाव्या शतकाच्या तोंडाशी सुरू झाली आणि तिला चालना मिळाली समुद्रापलीकडून. जाफन्याच्या तमिळ विद्यार्थ्यांनी रामनाथपुरम किनाऱ्यावरच्या तोंडी गावात मिशनरी ठेवला होता. १९०२ मध्ये जाफन्याला गेलेल्या व्ही. एस. अझरायांनी ते ऐकलं. सिलोनची मुलं आपल्याकडे माणूस पाठवतात आणि आपण कुणाकडे पाठवत नाही, ही गोष्ट त्यांना लागली. १९०३ मध्ये तिरुनेलवेलीला इंडियन मिशनरी सोसायटी निघाली: माणसं भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय. पहिलं क्षेत्र ठरलं तेलुगू भाषक दोर्नकल. तमिळ कुटुंबांना तिथे भाषा परकी, जेवण परकं, सरकार निजामाचं. पगार बेताचा. १९१२ मध्ये अझराया स्वतः दोर्नकलचे बिशप झाले. त्याआधी १९१० मध्ये एडिंबरोच्या परिषदेत त्यांनी गोऱ्या मिशनरींना तोंडावर सांगितलं होतं की तुमचे पैसे आणि त्याग पोचले, मैत्री अजून पोचलेली नाही. आज परदेशी निघालेल्या प्रत्येक भारतीय मिशनरीनं हे वाक्य स्वतःकडे वळवून वाचावं. आता पैसेवाले, शिकलेले, बाहेरून आलेले आपण आहोत.

दरम्यान नागपट्टिनमच्या बंदरातून तंजावर जिल्ह्यातली हजारो माणसं मलायाच्या रबर मळ्यांवर गेली. त्यात लुथरन ख्रिस्तीही होते. तिथली तमिळ लुथरन मंडळी आपला आरंभ १९०७ पासून धरते. मिशन म्हणून आखणी झाली त्याच्या आधी मजुरीनं लोक गेले आणि त्यांच्यामागून पाळक गेले. आजही आखातात, सिंगापुरात असंच होतं. एखादी नर्स किंवा एखादा वेल्डर नोकरीनिमित्त जातो, शुक्रवारी खोलीत दहा जण प्रार्थनेला जमतात, मग गावाकडे निरोप येतो की कुणीतरी पाठवा.

एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तंजावरच्या मंडळीत जात होती. वेल्लाळर वेगळे बसत, दलित ख्रिस्ती वेगळे. १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी हे मोडायचा हुकूम काढला तेव्हा तंजावरचे कितीतरी वरच्या जातीचे ख्रिस्ती चर्च सोडून गेले. वेदनायगम शास्त्री, सरफोजींचे बालपणीचे सहाध्यायी आणि तमिळ ख्रिस्ती गीतांचे मोठे कवी, तेही या सुधारणेच्या विरोधात लिहीत राहिले. त्यांच्या कवितेबद्दलचा माझा आदर यानं कमी होत नाही, पण जखम जखमच आहे. परदेशी जाणाऱ्या कुटुंबाच्या प्रशिक्षणात जातीचा तास असलाच पाहिजे. केनियात गेल्यावर काळ्या माणसाच्या ताटात जेवताना हात अडखळणार असेल, तर ते इथेच, तंजावरात, ओळखलेलं बरं.

कायद्याकडे वळू. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही म्हणून अनेकांची पहिली नजर तिकडे जाते. पण २०१५ च्या नेपाळी संविधानात धर्मांतर करवण्यावर बंदी आहे आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परकीय माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. मलेशियात मुसलमानांमध्ये प्रचारावर राज्याराज्यांचे निर्बंध आहेत. अमेरिकेत धार्मिक सेवकांचा आर-१ व्हिसा आधी तीस महिन्यांचा, एकूण पाच वर्षांचा. जोडीदाराला त्यावर नोकरी करता येत नाही. ही शेवटची अट वाचायला छोटी वाटते. गावाकडे शाळेत शिकवणारी बायको तिथे पाच वर्षं बिनकामाची घरात बसते, आणि नवऱ्याला वाटतं तिला प्रार्थनेची गरज आहे.

पैशाचं गणितही किचकट. भारतातला धर्मादाय न्यास आपलं उत्पन्न परदेशात खर्च करू लागला तर आयकराची सूट आपोआप मिळत नाही, त्यासाठी खास मंजुरी लागते. वैयक्तिक पातळीवर रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, पण दर महिन्याला पाचशे-हजार रुपये बाजूला काढणाऱ्या मंडळीला त्या मर्यादेचं काय! म्हणून कितीतरी जण नोकरी धरून जातात. पौल तंबू शिवून पोट भरत असे, त्याचा दाखला अशा वेळी हमखास दिला जातो. दाखला बरोबर आहे. फक्त नोकरी खरी असावी. कागदावर कंपनी काढून आत दुसरंच काम करणं हे पाहुण्या देशाशी खोटं बोलणं आहे, आणि मग आपण कुठली सुवार्ता सांगतो?

आपल्या देशाचा अनुभव इथे उपयोगी पडतो. मध्य प्रदेश सरकारनं १९५४ मध्ये नागपूरच्या न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगींची समिती नेमली. १९५६ च्या अहवालात तिनं धर्मांतर हाच मुख्य उद्देश असलेल्या परदेशी मिशनरींना परत पाठवावं असं सुचवलं. अहवालातलं सगळं मला पटत नाही. पण निघणाऱ्या कुटुंबानं तो वाचावा असं मी आग्रहानं म्हणेन, कारण बाहेरून आलेल्या मिशनरीकडे यजमान समाज कुठल्या संशयानं पाहतो ते त्यातून कळतं. तिकडे आपल्याकडेही तसंच पाहिलं जाणार आहे.

मग तयारीचा क्रम काय असावा? पासपोर्ट, जन्मदाखले, लग्नाचा दाखला, त्यांवर अपोस्टिलचा शिक्का, लसी, ही कामं काही महिन्यांत उरकतात. भाषेला किमान वर्ष द्यावं, आणि ती इंग्रजीतून नव्हे तर त्या देशातल्या माणसाकडून, शक्य तर त्याच्या घरी राहून शिकावी. नवऱ्याइतकेच तास बायकोनंही शिकावी. गहाण दागिने आधी सोडवावेत, मुलीच्या नावानं ठेव करावी. म्हाताऱ्या आईवडिलांच्या औषधपाण्याचा खर्च कोणता भाऊ उचलणार हे सगळ्यांच्या देखत ठरवावं. निरोपाच्या प्रार्थनेत मंडळी डोक्यावर हात ठेवते, मोठी बायामाणसं रडतात, जेवण होतं, आणि दुसऱ्या महिन्यापासून वचन दिलेल्यांपैकी निम्मे विसरतात. यात दुष्टपणा नसतो. गावाकडेही मुलांच्या फिया असतात. पण कुटुंब तिकडे अडकून पडतं.

म्हणून पाठवणाऱ्या मंडळ्यांना, तंजावरच्या असोत, वसईच्या किंवा अहमदनगरच्या, एवढी विनंती आहे. कुटुंबाला निरोप देण्याआधी कमिटीच्या बैठकीत चार गोष्टी लेखी करा: मुलांच्या शिक्षणाचा खर्च बारावीपर्यंत कोण देणार, दर तीन वर्षांनी सुटीवर येण्याचं तिकीट कोण काढणार, आजारपणात किंवा हद्दपारीत परत आणण्यासाठी वेगळी रक्कम कुठल्या खात्यात ठेवली आहे, आणि काम संपवून आलेल्या माणसाला भविष्यनिर्वाह निधी किती मिळणार. या चार ओळींवर सह्या झाल्याशिवाय कुणालाही विमानात बसवू नका.